सिरोंच्यापलीकडचा नट

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. पैलतीरावर काळेश्वर. हे गाव २०१६ सालापर्यंत करीमनगर जिल्ह्यात मोडत असे. त्याच करीमनगरात २८ सप्टेंबर १९०९ रोजी पैडी जयराज यांचा जन्म झाला. आपल्या सिरोंचा भागात तेलुगू घरोघर बोलली जाते, तेव्हा हा माणूस तुम्हांला परका वाटायचे कारण नाही. मुंबईत मात्र तो परकाच होता.

हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकलेला हा तरुण १९२९ च्या सुमारास मुंबईच्या चित्रसृष्टीत शिरला. तेव्हा चित्रपट मुके होते. मूकपटातल्या नटाला त्याची मातृभाषा कोण विचारतो? पिळदार अंग, घोड्यावरची मांड, तलवारीचा हात, एवढे असले की भागे. पण १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला आणि सारा डावच उलटला. सुलोचना, म्हणजे बगदादी ज्यू घराण्यातली, पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स, ही त्या काळची केवढी मोठी नटी! पण तिलासुद्धा हिंदुस्थानी शिकण्यासाठी वर्षभर थांबावे लागले.

जयराज मात्र टिकले. याचे कारण माझ्या मते साधे आहे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू. शाळेत, कचेरीत, बाजारात ती कानांवर पडायची. तेलुगू मुलुखातल्या पोराला तीच शिदोरी मुंबईत पुरली. (शिक्षकमित्रहो, सिरोंच्याकडचा एखादा मुलगा वर्गात तीन भाषांची सरमिसळ करू लागला, तर त्याच्यावर फार रागावू नका!)

पुढे बॉम्बे टॉकीजच्या 'भाभी'त (१९३८) ते नायक झाले, 'हमारी बात'मध्ये (१९४३) देविकाराणींबरोबर चमकले. 'हातिमताई' १९५६ चा, 'वीर दुर्गादास' १९६० चा. म्हणजे पन्नाशीतही कमरेला तलवार होतीच.

पण नायकाचे वय झाल्यावर काय? मूकपटांच्या काळातले कितीतरी नट तिथेच संपले. जयराजांनी दुय्यम भूमिका कमीपणा न मानता घेतल्या. 'माया' (१९६६) या अमेरिकन चित्रपटातही ते दिसले. १९८० चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, आणि ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत ते वारले.

'शोले' तर तुम्ही पाहिलाच असेल. १९७५ च्या त्या चित्रपटातले पोलीस कमिशनर आठवतात का बघा. तेच जयराज.