प्राणवायूअभावी मेंदूची इजा

मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा थांबल्यामुळे किंवा अपुरा पडल्यामुळे चेतापेशींचा जो नाश होतो, त्यास प्राणवायूअभावी मेंदूची इजा असे म्हणतात. पाण्यात बुडणे, गळा आवळला जाणे, हृदय बंद पडणे व धुरात गुदमरणे ही तिची प्रमुख कारणे होत. ही इजा मेंदूच्या सर्व भागांना सारखी होत नाही. कोणता भाग टिकला आणि कोणता निकामी झाला, यावर रुग्णाचा जीव, स्मृती, हालचाल व जाणीव अवलंबून असते.

== कारणमीमांसा ==
प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणतः १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. मात्र विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. स्नायू काही काळ प्राणवायूविना ऊर्जा निर्माण करू शकतात. चेतापेशींना ते फारसे साधत नाही. रक्ताभिसरण पूर्णपणे थांबल्यास काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि साधारणतः ४ ते ५ मिनिटांनंतर कायमची इजा होऊ लागते. पुरवठा पूर्ववत झाल्यावरही इजा झालेल्या काही पेशी पुढील काही दिवस मरत राहतात.

== मेंदूचे भाग, त्यांची कार्ये व इजेचे परिणाम ==
* '''प्रमस्तिष्क''': हा मेंदूचा सर्वांत मोठा भाग असून त्याचे डावे व उजवे असे दोन गोलार्ध असतात. विचार, भाषा, ऐच्छिक हालचाली आणि दृष्टी, श्रवण, स्पर्श इत्यादी संवेदनांचे आकलन ही त्याची कार्ये होत. त्याच्या बाह्यकातील मोठ्या चेतापेशी प्राणवायूच्या अभावास लवकर बळी पडतात. व्यापक हानी झाल्यास रुग्णाची जाणीवच नाहीशी होते.
* '''हिप्पोकॅम्पस''': प्रमस्तिष्काच्या आतील बाजूस असलेला हा भाग नव्या स्मृती साठवण्यास आवश्यक असतो. मेंदूतील सर्वाधिक नाजूक भागांत त्याची गणना होते. तो निकामी झालेल्या रुग्णास जुन्या गोष्टी आठवू शकतात, परंतु काही वेळापूर्वी झालेले बोलणे लक्षात राहत नाही.
* '''अनुमस्तिष्क''': शरीराचा तोल सांभाळणे व हालचालींत सुसूत्रता राखणे हे याचे कार्य होय. यातील पर्किंजे पेशी प्राणवायूच्या अभावात लवकर मरतात. परिणामी चाल अडखळते, हात थरथरतात व उच्चार अस्पष्ट होतात.
* '''मस्तिष्कस्तंभ''': हा मेंदू व मज्जारज्जू यांना जोडतो. त्याच्या सर्वांत खालच्या भागास मस्तिष्कपुच्छ म्हणतात. श्वसन, हृदयाची गती, रक्तदाब, खोकणे व गिळणे यांचे नियंत्रण येथून होते, तर झोप-जागृतीचे चक्र चालवणारी यंत्रणा मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात असते. प्रौढांमध्ये हा भाग बाह्यकापेक्षा अधिक काळ तग धरतो.

== उजनी जलाशयाचा परिसर ==
भीमा नदीवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असून ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील गावांच्या सीमेपर्यंत पसरते. मासेमारी हा काठच्या अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे. पैलतीरावरील गावी रस्त्याने जाण्यास मोठा वळसा पडत असल्याने होडीने ये-जा केली जाते. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीतील सात जणांपैकी एक जण पोहून काठावर आला. सहा जणांचा मृत्यू झाला.

बुडणाऱ्या व्यक्तीचे श्वसन आधी थांबते व हृदय त्यानंतर काही वेळाने बंद पडते. या मधल्या काळात श्वास मिळाल्यास मेंदू वाचू शकतो. बर्फाळ पाण्यात शरीर झपाट्याने थंड होऊन मेंदूची प्राणवायूची गरज घटते, त्यामुळे दीर्घकाळ बुडालेल्या व्यक्तीही क्वचित वाचल्या आहेत. उष्ण प्रदेशातील जलाशयांत मात्र असे संरक्षण मिळत नाही. मदत दूर असलेल्या गावांत काठावर उपस्थित असलेल्या व्यक्तींनी पहिल्या काही मिनिटांत केलेले उपचार म्हणूनच निर्णायक ठरतात.

== प्रथमोपचार ==
बुडालेल्या व्यक्तीस उलटे धरणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ही प्रचलित पद्धत घातक आहे. त्यात वेळ जातो आणि उलटी होऊन पोटातील अन्न श्वासमार्गात शिरू शकते. व्यक्ती श्वास घेत नसल्यास तिला उताणे झोपवून, हनुवटी वर उचलून, नाक बंद करून प्रथम तोंडाने श्वास द्यावेत. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. दर ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीसही रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण फुप्फुसांत पाणी गेल्याने श्वसनाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

== जाणीवशून्य अवस्था व मस्तिष्कस्तंभ-मृत्यू ==
बाह्यक निकामी होऊनही मस्तिष्कस्तंभ कार्यरत राहिल्यास रुग्ण स्वतः श्वास घेतो, डोळे उघडतो, झोपतो व जागा होतो. परंतु त्यास स्वतःची वा परिसराची जाणीव असल्याचे दिसत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. साखळीने गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. मस्तिष्कस्तंभालाही मार लागल्याची नोंद होती, तरी त्यांचे श्वसन चालू राहिले. त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची चार दशकांहून अधिक काळ शुश्रूषा केली. त्यांच्या दयामरणासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. मात्र त्याच निकालात काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्यास तत्त्वतः मान्यता दिली. १८ मे २०१५ रोजी शानबाग यांचे निधन झाले.

मस्तिष्कस्तंभ-मृत्यू ही याहून वेगळी स्थिती आहे. मस्तिष्कस्तंभाची सर्व कार्ये कायमची थांबल्यावर यंत्राने श्वास व हृदय काही काळ चालू ठेवता येते, परंतु रुग्ण परत येण्याची शक्यता उरत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ नुसार हा मृत्यू मानला जातो. त्याची खात्री चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून करते. त्यानंतरच नातेवाइकांच्या संमतीने अवयवदान करता येते. जाणीवशून्य अवस्थेतील रुग्ण मात्र कायद्याने व वैद्यकशास्त्राने जिवंतच असतो.