ईडनवरच्या पाच धावा

(१)
२१ डिसेंबर २०१७. कोलकात्याचे ईडन गार्डन्स. रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्याचा पाचवा दिवस. कर्नाटकाला विजयासाठी ८७ धावा हव्या होत्या, विदर्भाला ३ बळी. विदर्भातील क्रिकेटरसिकांच्या गप्पा आजही फिरून फिरून या सकाळपाशी येतात. तिचे मोल समजण्यासाठी मात्र साठ वर्षे मागे जावे लागते.

(२)
रणजी स्पर्धेच्या प्रारंभीच्या काळात या भूभागाचा संघ ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाने खेळत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ च्या हंगामात ‘विदर्भ’ नावाचा संघ प्रथमच मैदानात उतरला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी क्रिकेटचा नकाशा बदलला नाही. म्हणूनच आजही या एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी खेळतात.

(३)
विदर्भाच्या ११ जिल्ह्यांपैकी वाशिम हा अगदी अलीकडचा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला. गाव मात्र फार जुने. हेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य करी, तर दुसरी वत्सगुल्माहून. राजवटी बदलल्या, प्रांतांच्या सीमा पुन:पुन्हा आखल्या गेल्या. आज ‘विदर्भ’ नावाचे राज्य नाही. पण ‘विदर्भ’ नावाचा संघ आहे. वाशिमच्या रसिकालाही तो आपला वाटतो, यामागे हे एक कारण आहे.

(४)
या संघाच्या वाट्याला दीर्घकाळ उपेक्षाच आली. मुंबईने ४१ वेळा करंडक जिंकला; विदर्भाला साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना गाठता आला नाही. या भूमीत गुणवत्ता नव्हती असे नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे १८९५ मध्ये नागपुरात जन्मले. मात्र १९२३ मध्ये होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले आणि पुढे होळकर संघाचे नेतृत्व त्यांनी तेथूनच केले.

(५)
२०१७-१८ च्या हंगामात चित्र पालटले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल, सोबतीला अनुभवी वसीम जाफर. उपांत्यपूर्व फेरीत विदर्भाने केरळला ४१२ धावांनी नमवले. पुढे उभा होता आठ वेळचा विजेता कर्नाटक. त्यांनी नुकतेच मुंबईला एक डाव आणि २० धावांनी हरवले होते.

(६)
ईडनवर विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. करुण नायरच्या १५३ धावांच्या बळावर कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. पिछाडी ११६ धावांची. येथे रणजीचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. म्हणजे कर्नाटकाला बरोबरीही पुरेशी होती. विदर्भापुढे निर्णायक विजयावाचून दुसरा मार्गच उरला नव्हता.

(७)
दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा उभारल्या. त्यात सर्वाधिक ८१ धावा होत्या गणेश सतीशच्या. हा फलंदाज पूर्वी कर्नाटकाकडूनच खेळलेला होता. आठवणींच्या गप्पांत या खेळीचे नाव क्वचितच प्रथम येते. परंतु अखेर सामना अवघ्या ५ धावांनी सुटला हे पाहिले, म्हणजे त्यांतील एकेका धावेचे वजन कळते.

(८)
कर्नाटकापुढे लक्ष्य होते १९८ धावांचे. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११. आता विदर्भाचे पारडे जड होते. पण शेवटच्या फलंदाजांनी हार मानली नाही. विनय कुमारने ३६, अभिमन्यू मिथुनने ३३ धावा केल्या. श्रेयस गोपाळ दुसऱ्या टोकाला ठाम उभा होता. अंतर एक आकडी संख्येवर आले.

(९)
उरलेले तिन्ही बळी घेतले ते एकाच गोलंदाजाने. स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर, नागपूरचा रजनीश गुरबानी. दुसऱ्या डावात ६८ धावांत ७, सामन्यात १६२ धावांत १२ बळी. कर्नाटक सर्वबाद १९२. गोपाळ नाबादच राहिला. विदर्भ ५ धावांनी विजयी आणि इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत.

(१०)
अंतिम सामना दिल्लीविरुद्ध झाला आणि तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. गुरबानीने तेथे हॅट्‌ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही केवळ दुसरी हॅट्‌ट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची. अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने ९ गडी राखून करंडक जिंकला. ज्या शहराने नागपूरच्या नायडूंना कर्मभूमी दिली, त्याच शहरात विदर्भाला पहिले विजेतेपद मिळाले.

(११)
पुढे २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही करंडक विदर्भाकडे आला. मार्च २०२४ च्या उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध पहिल्या डावात ८२ धावांनी मागे पडूनही विदर्भाने ६२ धावांनी विजय मिळवला. या वेळी जुन्या रसिकांना ईडन आठवले नसते तरच नवल.

(१२)
वास्तविक विजेतेपद इंदूरला मिळाले. मग गप्पा कोलकात्यापाशी का थांबतात? अंतिम सामना विदर्भाने निर्विवाद जिंकला, तर ईडनवर तो पराभवाच्या उंबरठ्यावरून परतला. करंडकाची नोंद अभिलेखात राहते. लोकांच्या स्मृतीत राहतो तो क्षण, जेव्हा सारे हातचे जाऊ शकत होते. साठ वर्षे ज्या संघाची इतरांनी फारशी दखल घेतली नाही, त्याला त्या सकाळी साऱ्या देशाच्या क्रिकेटमध्ये ओळख मिळाली. आणि त्या ओळखीचे नाव होते ‘विदर्भ’: नागपूरचे जेवढे, तेवढेच वाशिमचे.