मँचेस्टरचा ‘पाण्याचा महाल’ लोकांनी वाचवला, पण तिथे रोज पोहता का येत नाही?

एका इमारतीला तीन दरवाजे. पहिल्यावर दगडात कोरलंय ‘पुरुष, पहिला वर्ग’, दुसऱ्यावर ‘पुरुष, दुसरा वर्ग’ आणि तिसऱ्यावर ‘स्त्रिया’. रेल्वे स्टेशन वाटेल, पण हा आहे पोहण्याचा तलाव. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरातलं हे ‘व्हिक्टोरिया बाथ्स’ १९०६ साली सुरू झालं.

पण सरकारी पैशातून आंघोळीची सोय कशासाठी?

कारण कामगारांच्या घरात न्हाणीघरच नव्हतं. १८३२ मध्ये लिव्हरपूलला कॉलराची साथ आली. तेव्हा किटी विल्किन्सन या गरीब बाईने आपल्या घरातला पाणी तापवायचा बंब शेजाऱ्यांना कपडे आणि अंथरुणं धुण्यासाठी खुला केला. पुढे १८४२ मध्ये लिव्हरपूलमध्ये सार्वजनिक धुलाईघर आणि स्नानगृह सुरू झालं, त्यामागे तिच्या या कामाचीच प्रेरणा होती.

१८४६ च्या कायद्याने नगरपालिकांना स्नानगृहं आणि धुलाईघरं बांधण्यासाठी कर आणि कर्ज घेण्याची मुभा दिली. १८७८ मध्ये त्यात छप्पर असलेल्या पोहण्याच्या तलावांचीही भर पडली. मग गावोगावी अशा इमारती उभ्या राहिल्या.

व्हिक्टोरिया बाथ्समध्ये काय होतं?

तीन तलाव, स्वतंत्र आंघोळीच्या खोल्या आणि एक तुर्की हमाम. भिंतींवर चकचकीत टाइल्स, फरशीत मासे, खिडक्यांच्या रंगीत काचांत खेळाडू. मँचेस्टरचे पहिले नगर वास्तुविशारद हेन्री प्राइस यांच्या काळात हे काम झालं. खर्च आला ५९ हजार पौंडांच्या आसपास. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. लोक या वास्तूला ‘पाण्याचा महाल’ म्हणू लागले ते उगाच नाही.

एकच पाणी, तीन वेळा

महाल असला तरी पाण्याला वर्ग होते. तेव्हा आजच्यासारखी पाणी गाळून पुन्हा वापरायची यंत्रणा नव्हती. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा आणि रिकामा करायचा. इमारतीच्या स्वतःच्या विहिरीचं ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांना मिळायचं. त्यांचं झालं की तेच पाणी दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांकडे जायचं आणि शेवटी स्त्रियांच्या तलावात. दारावरच्या त्या अक्षरांचा खरा अर्थ इथे कळतो.

तरीही याच तलावांनी कित्येकांना पोहायला शिकवलं. १९३३ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या सनी लाउरी यांचा सराव इथेच व्हायचा. हिवाळ्यात मोठ्या तलावावर लाकडी फळ्या टाकून तिथे नाच-गाण्याचे कार्यक्रम होत.

मग बंद का पडलं?

घरोघरी न्हाणीघरं आली आणि जुन्या इमारतीची देखभाल महाग होत गेली. महापालिकेने १९९३ मध्ये टाळं लावलं. लोकांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. मग परिसरातल्या लोकांनी एकत्र येऊन इमारत वाचवण्यासाठी विश्वस्त संस्था उभी केली.

कलाटणी मिळाली २००३ मध्ये. धोक्यात आलेल्या वास्तूंपैकी कोणती वाचवायची हे प्रेक्षकांनी फोन करून ठरवायचं, असा बीबीसीचा ‘रिस्टोरेशन’ हा कार्यक्रम होता. त्यात व्हिक्टोरिया बाथ्स पहिलं आलं आणि सुमारे ३४ लाख पौंड मिळाले.

एवढे पैसे मिळूनही काम संपलं नाही?

नाही. त्या पैशात इमारतीच्या एका भागाचंच काम झालं. जुना तलाव दुरुस्त करणं हे जुना वाडा दुरुस्त करण्यापेक्षा अवघड असतं. दमट हवेने टाइल्समागचं पोलाद गंजतं, गंजलं की फुगतं आणि टाइल्स उखडून पडतात. तलाव बंद ठेवला तरी सुटका नाही, कारण गळकं छप्पर आणि थंडी आपलं काम करतच राहतात.

ही वास्तू संरक्षित यादीत आहे, तीही ‘ग्रेड टू स्टार’ या वरच्या श्रेणीत. त्यामुळे ती परवानगीशिवाय पाडता येत नाही. पण यादीत नाव आलं म्हणून दुरुस्तीचे पैसे आपोआप येत नाहीत. म्हणून इथे लग्नं, मेळावे, चित्रीकरण, सहली असं सगळं चालतं. खास प्रसंगी तलाव भरून लोक पोहलेही आहेत, पण रोजचं पोहणं काही परतलेलं नाही.

दुसरा मार्ग आहे का?

बर्मिंगहॅमचं मोझली रोड बाथ्स १९०७ चं. तेही ‘ग्रेड टू स्टार’. त्याचा मोठा तलाव २००३ मध्ये बंद झाला. महापालिका पोहण्याची सेवा सोडणार हे दिसल्यावर स्थानिकांनी संस्था काढली आणि २०१८ पासून लहान तलाव स्वतः चालवायला घेतला. आधी मोठी दुरुस्ती आणि मग पोहणं, असं न करता त्यांनी पोहणं चालू ठेवून दुरुस्तीसाठी झगडायचं ठरवलं.

एका शहरात इमारत वाचली आणि पाण्याची वाट पाहतेय, दुसरीकडे पाणी वाचलं आणि इमारतीचं काम बाकी आहे. तलाव वाचवायचा म्हणजे नेमकं काय वाचवायचं, टाइल्स की पोहणं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते: लोक हटून बसले नसते, तर यातलं काहीच उरलं नसतं.