जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांची कारकीर्द आणि मराठ्यांचे नकाशे

प्रस्तावना :
इतिहास हा काळाचा अभ्यास व भूगोल हा स्थळाचा, अशी विभागणी आपल्या महाविद्यालयांत रूढ आहे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ जोसेफ ई. श्वार्ट्झबर्ग (१९२८-२०१८) यांच्या कारकिर्दीवरून ही विभागणी किती अपुरी आहे हे लक्षात येते. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याचा मराठ्यांच्या इतिहासाच्या संदर्भात परामर्श घेतला आहे.

कारकीर्द :
भारतातील व्यवसायरचना आणि आर्थिक विकासाची पातळी यांवरील प्रबंधास १९६० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने पीएच.डी. दिली. शेतीकडून कारखानदारीकडे वळलेल्या भोसरीसारख्या गावातील प्राध्यापकांना या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १९६४ साली ते मिनेसोटा विद्यापीठात रुजू झाले व २००० पर्यंत तेथेच राहिले. दक्षिण आशियाविषयक ग्रंथांचा समृद्ध असा एम्स संग्रह त्या विद्यापीठात होता. या आधारावर व अनेक सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९७८ मध्ये 'ए हिस्टॉरिकल ॲटलास ऑफ साउथ एशिया' हा ग्रंथ सिद्ध झाला. अश्मयुगापासून विसाव्या शतकापर्यंतचा इतिहास त्यात नकाशांतून मांडलेला आहे. त्याची दुसरी आवृत्ती १९९२ मध्ये निघाली.

मराठ्यांचे नकाशे :
युरोपीय सर्वेक्षणापूर्वी भारतात नकाशाशास्त्र जवळजवळ नव्हतेच, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. सुसान गोल यांनी १९८९ च्या ग्रंथात व श्वार्ट्झबर्ग यांनी 'हिस्टरी ऑफ कार्टोग्राफी'च्या १९९२ मधील खंडात भारतीय नकाशांची साक्षेपाने नोंद करून हा समज खोडून काढला. त्यांत मोडी लिपीतील मराठी नकाशांनाही स्थान मिळाले. प्रमाणबद्धतेच्या आधुनिक कसोटीवर हे नकाशे उणे ठरतील. परंतु नद्या, घाट, किल्ले व गावे यांपैकी राज्यकर्त्यास काय महत्त्वाचे वाटले, हे ते सांगतात. म्हणून ते कागदपत्रांइतकेच अस्सल साधन होय.

निष्कर्ष :
परप्रदेशाचा अभ्यास एका प्रकल्पात आटोपत नाही. त्यास ग्रंथसंग्रह, सहकारी आणि दशकांचे सातत्य लागते, हा या कारकिर्दीचा पहिला धडा होय. दुसरा धडा आपल्यासाठी आहे. हे नकाशे वाचण्यास मोडी जाणणारा इतिहासकार व भूप्रदेश जाणणारा भूगोलतज्ज्ञ एकत्र बसावा लागतो. दोन्ही विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात. मोडीचे वाचक दुर्मिळ होण्यापूर्वी त्यांनी हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.