भावंड-क्लास बदलण्याची कुळकथा

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एकाच मूळ क्लासपासून निघालेले दोन क्लास म्हणजे भावंडे. एका भावंडाचे ऑब्जेक्ट दुसऱ्याचे कसे करायचे? बहुतेक भाषा सांगतात की नवे ऑब्जेक्ट घडवा आणि जुन्यातला डेटा त्यात भरा. जावाचा कंपायलर असे थेट कास्ट नाकारतोच. मूळ क्लासच्या आडून केले, तर प्रोग्रॅम चालताना ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ येते.

हा कडकपणा सिम्युला ६७ पासूनचा. टोनी होअर यांच्या रेकॉर्ड-क्लासच्या मांडणीतून प्रेरणा घेऊन ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी ऑस्लोत ही भाषा घडवली. तिच्यात ऑब्जेक्टचा क्लास जन्मतःच ठरे आणि अखेरपर्यंत तोच राही.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९६७ रोजी, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अमलात आली आणि यवतमाळच्या शेतांबाबत तिने नेमके उलटे केले. हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५४ च्या संहितेत भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन हक्क होते. नव्या संहितेच्या कलम २९ ने हस्तांतरणाचे बंधन नसलेले भूमिस्वामी भोगवटादार वर्ग १ मध्ये घेतले. बंधन असलेले भूमिस्वामी आणि भूमिधारी वर्ग २ मध्ये गेले. पुढे वर्ग २ चा वर्ग १ करण्याचीही वाट निघाली आणि २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम आले. अधिमूल्य भरायचे, आदेश घ्यायचा, तलाठ्याकडे फेरफार पडायचा. शेत तेच, धुरे तेच. बदलतो तो वर्ग.

संगणकात याचा जोडीदार कोणता, यावर मतभेद संभवतो. काही जण सी++ मधल्या ‘क्रॉसकास्ट’कडे बोट दाखवतील. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी हा शब्द एका बेस क्लासवरून भावंड बेस क्लासवर जाणाऱ्या कास्टसाठी वापरला आहे. पण ते कास्ट साधते तेव्हा ऑब्जेक्ट आधीपासूनच दोन्ही क्लासांचा वारस असते. पाहण्याची बाजू बदलते, ऑब्जेक्टचा क्लास नव्हे. म्हणून हा दावा टिकत नाही. स्मॉलटॉक-८० मधले ‘बिकम’ जवळचे वाटते. पण ते दोन ऑब्जेक्टांच्या ओळखींची अदलाबदल करते.

खरा मान लिस्पचा. कॉमन लिस्पच्या १९९४ च्या अमेरिकी प्रमाणकात ‘चेंज-क्लास’ आहे. ऑब्जेक्टची ओळख कायम राहते, समान नावाच्या रकान्यांतले मूल्य टिकते, नव्या क्लासमध्ये नसलेले रकाने गळतात आणि नव्या रकान्यांसाठी वेगळी पद्धत चालवली जाते. तीच इथली फेरफार नोंद. लिस्पचे प्रोग्रॅमर चालू प्रोग्रॅम न थांबवता त्यातच दुरुस्ती करत. ही सोय त्या सवयीतूनच आली असणार. सी++ मध्ये ऑब्जेक्टची मेमरीतली मांडणी कंपायलर आधीच आखून टाकतो, म्हणून तिथे ती रुजली नाही. पायथॉनमध्ये चालू ऑब्जेक्टचा क्लास बदलता येतो, मात्र दोन्ही क्लासांची अंतर्गत मांडणी जुळावी लागते.

ज्यांच्या भाषेत यातले काहीच नाही, त्यांनी सातबारा नीट पाहावा. तिथे भोगवट्याचा वर्ग ‘भूधारणा पद्धती’ या एका रकान्यात लिहिलेला असतो. जो दर्जा पुढे बदलणार हे ठाऊक आहे, त्याचे भावंड-क्लास पाडू नयेत. त्याला ऑब्जेक्टमध्ये एक रकाना द्यावा.