पाऊण तासावरचं बेचिराग गाव

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की आपल्या शनिवार-रविवारांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या आठवड्यात गोल्डन गेट, दुसऱ्यात लिव्हरमोरचं शिव-विष्णू मंदिर, मग सवड काढून योसेमिटी किंवा लेक टाहो. इतिहास म्हणून दाखवावं असं इथे काही नाही, असा आपला सर्वांचाच समज असतो. ज्यांनी रायगड पाहिला, त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच्या लाकडी घराचं काय कौतुक सांगायचं? पण डब्लिनहून पाऊण-एक तासावर एक अशी जागा आहे, जिथे पाहायला जवळजवळ काहीच उरलेलं नाही, आणि तरीही आपण परदेशी येऊन राहिलेल्या माणसांनी ती एकदा पाहावी असं मला वाटतं.

आपल्याकडच्या जुन्या महसुली दप्तरांत ओस पडलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणत. जिथे दिवा लागत नाही असं गाव. नॉर्टनव्हिल आणि सॉमर्सव्हिल ही अशीच दोन बेचिराग गावं. त्यांच्या शेजारी स्टुअर्टव्हिल, वेस्ट हार्टली आणि जडसनव्हिल ही आणखी तीन. माउंट डायाब्लोच्या उत्तर उतारावर ही पाचही गावं १८६० नंतरच्या दोन दशकांत उभी राहिली आणि शतक संपता संपता नाहीशी झाली.

वाट

डब्लिनहून ६८० ने उत्तरेला निघावं. सॅन रमोन, डॅनव्हिल, वॉलनट क्रीक ही आपल्या ओळखीची गावं मागे पडतात आणि उजव्या हाताला डायाब्लोचा डोंगर सोबत करतो. काँकर्डला २४२ वरून हायवे ४ धरायचा आणि पूर्वेला वळायचं. खिंड ओलांडली की डावीकडे खाली खाडीचं पाणी दिसू लागतं. पिट्सबर्ग गेलं की अँटिऑकला सॉमर्सव्हिल रोडवर उतरून दक्षिणेला, म्हणजे डोंगराकडे जायचं. दुकानं आणि नव्या वसाहती संपतात, रस्ता अरुंद होतो, गुरांचे गोठे आणि कुरणं लागतात आणि रस्ता एका दरीत जाऊन संपतो. हे ब्लॅक डायमंड माइन्स उद्यान. जिथे गाडी लावायची, तिथून चार पावलांवर सॉमर्सव्हिल गाव होतं.

फेब्रुवारी ते एप्रिल हा उत्तम काळ. टेकड्या तेव्हा हिरव्या असतात, आणि ज्यांना पावसाळ्यातला मावळ आठवतो त्यांना थोडं घरच्यासारखं वाटेल. जुलै-ऑगस्टात ऊन फार, सावली कमी. पाणी बरोबर घ्या, आणि गवतात शिरू नका, सापांची वस्ती आहे.

कोळसा आणि कोळशामागे आलेली माणसं

ह्या डोंगरात कोळसा सापडला तो १८५९ च्या सुमारास. त्याआधी ही भूमी मिवोक लोकांची होती, मग स्पॅनिश आणि मेक्सिकन जहागिरींची झाली. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात आलेल्यांना कोळशाचं महत्त्व उशिरा कळलं. सॅन फ्रान्सिस्को वाढत होतं, नद्यांतून वाफेच्या बोटी चालत होत्या, गिरण्या आणि ओतशाळा निघत होत्या, आणि जळण मात्र दुरून बोटीने आणावं लागे. त्यामुळे घराजवळच्या ह्या खाणी तेजीत आल्या. फ्रान्सिस सॉमर्स आणि नोआ नॉर्टन ह्या दोघांच्या नावांवरून दोन गावांना नावं मिळाली. हा कॅलिफोर्नियातला सर्वांत मोठा कोळशाचा मुलूख ठरला. डझनभर मोठ्या खाणींमधून इथे सुमारे ४० लाख टन कोळसा निघाला.

कोळसा बंदरापर्यंत नेण्याची व्यवस्था इंजिनिअरला आवडावी अशी होती. खाणी डोंगरात, नदी पाच-सहा मैल खाली. म्हणून रूळ टाकले, आणि भरलेल्या वाघिणी उताराच्या जोरावर, ब्रेक आवळत खाली सोडायच्या. इंजिनाचं काम रिकाम्या वाघिणी वर ओढून आणण्याचं. सॉमर्सव्हिलहून असा लोहमार्ग १८६६ साली झाला. नॉर्टनव्हिलचा मार्ग ज्या धक्क्यावर उतरे, त्या वस्तीला पुढे ब्लॅक डायमंड हेच नाव पडलं. १९११ साली तिचं नाव बदलून पिट्सबर्ग झालं. येताना आपण ज्या पिट्सबर्गवरून गेलो, ते हेच.

खाणीत उतरायला माणसं हवी होती, आणि जमिनीखालचं काम पिढ्यान् पिढ्या केलेली माणसं तेव्हा ब्रिटनमध्ये होती. मुख्यतः वेल्समधली, जोडीला इंग्लंडमधली, शिवाय आयर्लंड, इटली आणि इतर देशांतली. वेल्श माणसाला इंग्रज म्हणणं म्हणजे मराठी माणसाला परदेशात सरसकट ‘हिंदी बोलणारा’ म्हणण्यासारखं. त्यांची भाषा वेगळी, प्रार्थनामंदिरं वेगळी आणि गाण्याचं वेड वेगळं. अमेरिकेत त्यांना मागणी होती ती एका कसबासाठी. हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटेल.

काम जिवावरचं होतं. १८७६ च्या जुलैत नॉर्टनव्हिलच्या ब्लॅक डायमंड खाणीत स्फोट झाला. काही जण जागीच गेले, काही भाजलेल्या अंगाने पुढच्या दिवसांत गेले. पोरसवदा मुलंही खाणीत कामाला असत. घराघरांत घटसर्प, विषमज्वर, देवी ह्यांची भीती असे.

रोझ हिल

सॉमर्सव्हिलच्या जागेवरून पंधरा-वीस मिनिटांची चढण चढलं की सरूची काही उंच झाडं आणि पांढरे दगड दिसतात. हे रोझ हिल कब्रस्तान. पाच गावांमधली डोळ्यांना दिसणारी हीच काय ती वस्ती. दोनशेहून अधिक माणसं इथे पुरली आहेत. डेव्हिस, जोन्स, इव्हान्स अशी वेल्श आडनावं पुन्हा पुन्हा येतात, आणि काही दगडांवर मजकूर वेल्श भाषेत आहे. खाण अपघातात गेलेले पुरुष आहेत, बाळंतपणात गेलेल्या बायका आहेत, आणि मुलं फार आहेत. वय वर्षांत न लिहिता महिने आणि दिवस मोजून लिहिलेलं आढळतं, तेव्हा पाऊल थबकतं.

ह्या गावांतली सर्वांत लक्षात राहणारी व्यक्ती खाणमालक नव्हे, सुईण आहे. सारा नॉर्टन ही नोआ नॉर्टनची पत्नी. तिने सहाशेच्या वर बाळंतपणं केली असं सांगतात. ऑक्टोबर १८७९ मध्ये एका बाळंतिणीकडे जाताना तिच्या गाडीचे घोडे उधळले आणि ती खाली पडून गेली. वय ६८. ती कुठल्याच पंथाची नव्हती आणि आपल्यामागे धार्मिक विधी नको असं तिने सांगून ठेवलं होतं म्हणतात. गावकऱ्यांनी तरी विधी करायचं ठरवलं, आणि दोनदा वादळ आल्यामुळे बेत मोडला अशी कथा आहे. कथेतला अलंकार वगळला तरी एक गोष्ट उरते. जिच्या हातावर गावातली अर्धी मुलं जन्मली, तिला निरोप दिल्याशिवाय गावाला राहवेना.

गाव कसं उठलं

गाव उठलं ते युद्धाने नाही, भूकंपाने नाही. इथला कोळसा मुळात हलक्या प्रतीचा, उष्णता कमी, राख जास्त. जवळ होता म्हणून खपत होता. कॅलिफोर्नियाचा गहू न्यायला येणारी जहाजं ऑस्ट्रेलियाहून, ब्रिटनहून येताना तळभार म्हणून कोळसा भरून येऊ लागली. वॉशिंग्टन प्रांतात चांगल्या खाणी सापडल्या. इथल्या खाणी मात्र खोल जात होत्या आणि पाणी उपसण्याचा खर्च वाढत होता. १८८५ साली ब्लॅक डायमंड कंपनीने नॉर्टनव्हिलचं काम थांबवून कारभार वॉशिंग्टनला हलवला. तिथे सिॲटलच्या आग्नेयेला जे गाव वसलं, त्याचं नाव ब्लॅक डायमंडच. नॉर्टनव्हिलच्या खाणीचा वेल्श व्यवस्थापक मॉर्गन मॉर्गन्स तिकडचाही व्यवस्थापक झाला, आणि त्याच्याबरोबर खाणकामगारांची कुटुंबं गेली. ते गाव आजही नांदतं आहे.

जे गेले नाहीत त्यांनी घरांचे वासे-फळ्या उतरवून आसपासच्या शेतगावांत नेल्या. म्हणून आज रस्ता नाही, चौथरे नाहीत. टाकाऊ मातीचे ढीग आहेत, सपाट केलेले तुकडे आहेत, आणि घरांपुढे लावलेले बदाम, मिरपुडीचे वृक्ष आहेत. कोळशानंतर १९२० च्या दशकात इथे काचेसाठी आणि ओतकामासाठी वाळू काढणं सुरू झालं. तेही १९४९ मध्ये थांबलं. १९७० च्या दशकात जागा ईस्ट बे उद्यान विभागाकडे आली.

आणखी दोन वसाहती

नॉर्टनव्हिलची तुलना दोन गावांशी करावीशी वाटते. पहिलं कॅनडाच्या गवताळ प्रदेशातलं, आजच्या सस्काचवानमधलं कॅनिंग्टन मॅनर. १८८२ साली कॅप्टन एडवर्ड मिशेल पिअर्स ह्यांनी ते वसवलं, ते इंग्लंडच इकडे आणावं ह्या हेतूने. घरंदाज इंग्रज तरुण तिथे फी भरून शेती शिकायला येत. क्रिकेट, घोड्यांच्या शर्यती, कोल्ह्यांची शिकार असा थाट होता. बेक्टन बंधूंनी सव्वीस खोल्यांचा वाडा बांधला. पण शेतीचा हिशोब बसेना, आणि १९०० साली रेल्वेचा फाटा दहा-एक मैल दक्षिणेने गेला. पाच-सहा वर्षांत गाव रिकामं झालं. १८८४ चं लाकडी चर्च तेवढं उभं आहे.

दुसरं गाव आपलंच. १८५२ च्या सुमारास मायकेल मरी आणि जेरेमाया फॅलन हे दोन आयरिश गृहस्थ ह्या खोऱ्यात आले. होसे मारिया आमादोरच्या जहागिरीतून त्यांनी जमीन विकत घेतली. १८५६ मध्ये शाळा झाली आणि १८५९ मध्ये सेंट रेमंड चर्च. ते बांधताना छपरावरून पडून गेलेला टॉम डॉनलन हा शेजारच्या कब्रस्तानातला पहिला. शाळा, चर्च आणि कब्रस्तान आज हेरिटेज पार्कमध्ये पाहता येतात. गाव लहानच राहिलं, पण उठलं नाही. १९८२ मध्ये डब्लिन शहर झालं. १९९० ला लोकवस्ती २३ हजार होती, ती २०२० ला ७२ हजारांवर गेली. ह्या वाढीत आपला वाटा डोळ्यांत भरण्यासारखा आहे. फॅलन रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना फॅलन कोण ते माहीत असेल?

तिन्ही ठिकाणची माणसं कष्टाळू आणि धाडसी होती, तेव्हा फरक माणसांत नव्हता. कॅनिंग्टनवाले मायदेशाचा थाट सांभाळायला आले आणि इथल्या जमिनीशी त्यांचं जमलं नाही. नॉर्टनव्हिलवाले एका कसबावर आले. कसबाची जागा हलली तसे तेही हलले, आणि हलूनही टिकले. डब्लिनवाल्यांनी जमीन घेतली, शाळा काढली, आणि पीक बदललं तरी ते राहिले.

आपण ह्यांत कुठे बसतो? मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या कोकणच्या चाकरमान्याला १९८२ च्या संपानंतर निदान गावचं घर तरी होतं. आपल्यापैकी बहुतेक जण वेल्श खाणकामगारांसारखे एकाच कसबावर इथे आलो. ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्याला नोकरी गेल्यावर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून निघावं लागतं. २००१ च्या मंदीत अशी घरं आवरताना आपल्यातल्या अनेकांनी पाहिली आहेत. घर, कर्ज आणि अंगण असलं तरी आपल्यातली किती वस्ती नॉर्टनव्हिल आहे आणि किती डब्लिन, हे अजून ठरायचं आहे. ते केवळ आपल्या हातात नाही, हेही खरं.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. रोझ हिलची कितीतरी वर्षं नासधूस झाली, दगड फोडले गेले, उचलून नेले गेले. उद्यान विभागाने आणि जुन्या कुटुंबांच्या वंशजांनी मिळून ते पुन्हा उभे केले. काही नेलेले दगड परतही आले. कुणीतरी कागद, फोटो आणि नावं जपली, म्हणून सारा नॉर्टन आज आपल्याला भेटते. कंपनीच्या हिशोबवहीतून ती भेटली नसती.

आपल्या मंडळांच्या पहिल्या वर्षांचे कागद आज कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये खोक्यांत पडून आहेत. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या याद्या, नाटकांची हस्तपत्रकं, मराठी शाळेचे हजेरीपट. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. पुढचं घर लहान घेताना खोकी सर्वांत आधी जातात. तेव्हा ह्या वसंतात डायाब्लोच्या उत्तरेला एक फेरी करा, मुलांना आणि आलेल्या पाहुण्यांना बरोबर न्या, आणि परत आल्यावर ती खोकी उघडा. फोटोंच्या मागे नावं आणि साल लिहा, ठळक देवनागरीत, आणि एक प्रत गावाच्या संग्रहालयात किंवा ग्रंथालयात द्या. आपण इथे राहू किंवा पुढे जाऊ, त्या कागदांना इथे जागा मिळायला हरकत नाही.