आखाती देशात गेलेल्या माणसाशी संपर्क: फोन कधी करावा, कशावरून करावा आणि लागलाच नाही तर?

दुबई, सौदी किंवा कतारमध्ये नोकरी लागली की जळगाव-धुळ्यातल्या घरात आधी तिकीट आणि बॅग यांचीच धावपळ होते. फोनचं काय, तो तर रोज होईलच, असं सगळे धरून चालतात. पण तिथे पोहोचल्यावर व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, वेळा जुळत नाहीत आणि घरचे काळजीत पडतात. त्यामुळे या गोष्टी निघण्याआधीच ठरवलेल्या बऱ्या.

वेळेचा हिशोब कसा करायचा?

संयुक्त अरब अमिराती (यूएई) आणि ओमान भारताच्या दीड तास मागे आहेत. सौदी अरेबिया, कतार, कुवेत आणि बहरीन अडीच तास मागे. म्हणजे दुबईत रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा चोपडा किंवा शिरपूरमध्ये अकरा वाजलेले असतात. कामगार ड्युटी संपवून, जेवून निवांत होतो तोवर घरचे म्हातारे आईवडील झोपलेले असतात. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असेल तर वडील केळीला पाणी द्यायला गेलेले असतात.

उन्हाळ्यात यातून एक वाट निघते. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी साडेबारा ते तीन कामावर ठेवता येत नाही. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन ते साडेचार वाजलेले असतात. बांधकामावरच्या माणसाला घरी बोलायला ही वेळ सोयीची पडू शकते.

व्हॉट्सॲप कॉल का लागत नाही?

यूएईत इंटरनेटवरून कॉल करण्याची सेवा परवानगी मिळालेल्या कंपन्यांनाच देता येते. म्हणून तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो आणि व्हॉइस नोट जातात, पण व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल अडवले जातात. बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप चालतात. मात्र तेच ॲप घरच्या फोनमध्येही लागतं. ते निघण्याआधी आईच्या फोनमध्ये टाकून, एकदा कॉल करून दाखवलेलं चांगलं. सौदीने सप्टेंबर २०१७ मध्ये नियम पाळणाऱ्या कॉलिंग ॲपवरची बंदी उठवली.

व्हीपीएन लावून मार्ग काढण्याचा सल्ला मित्र देतात. पण यूएईच्या २०२१ च्या सायबर कायद्यानुसार, खोटा आयपी पत्ता वापरून गुन्हा केला किंवा लपवला तर तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड होऊ शकतो. एका कॉलसाठी ही जोखीम परवडणारी नाही.

रोज फोन करायलाच हवा का?

रोजचा नियम मोडला की काळजी सुरू होते. त्यापेक्षा आठवड्यातले दोन-तीन वार ठरवावेत आणि एरवी व्हॉइस नोट पाठवावी. ज्या आईला वाचता येत नाही, तिलाही अहिराणीतला आपल्या मुलाचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकता येतो. आखाजी किंवा श्रावणातल्या कानबाईला सगळं कुटुंब एकत्र जमतं. त्या दिवसांचा व्हिडिओ कॉल आधीच ठरवून ठेवला, तर दूर असलेला माणूसही त्यात सामील होतो.

घरी कोणती माहिती असायला हवी?

बहुतेक घरांत फक्त एक मोबाइल नंबर असतो. तो बंद पडला की हातात काहीच उरत नाही. म्हणून एका फाइलमध्ये हे कागद आणि नंबर ठेवावेत:

- पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीच्या कराराची प्रत
- कंपनीचं पूर्ण नाव, शहर आणि ऑफिसचा नंबर
- राहण्याचा पत्ता आणि खोलीतल्या किमान दोन साथीदारांचे नंबर
- यूएईत एमिरेट्स आयडी, सौदीत इकामा यांचा क्रमांक
- एजंटचं नाव आणि ई-मायग्रेटवरचा नोंदणी क्रमांक
- प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी असल्यास तिची प्रत

शहराचं नाव महत्त्वाचं आहे. दुबई आणि शारजाचं काम दुबईतला भारतीय वाणिज्य दूतावास पाहतो, तर अबुधाबीचं तिथला राजदूतावास.

फोन लागतच नसेल तर?

आधी खोलीतल्या साथीदारांना आणि मग कंपनीला फोन करावा. तरी पत्ता लागला नाही तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. २०१५ पासून सुरू असलेल्या या पोर्टलवर घरच्यांनाही गावातून तक्रार नोंदवता येते आणि तिचं पुढे काय झालं हे पाहता येतं. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर १८००-११-३०९० आहे. यूएईत असलेल्या भारतीयांना ८००-४६३४२ या नंबरवर मदत मागता येते.

तक्रार करताना पासपोर्ट क्रमांक आणि कंपनीचं नाव विचारलं जातं. ते हाताशी असेल तर शोध लवकर सुरू होतो. म्हणून ही फाइल माणूस विमानात बसण्याआधी घरात तयार असावी, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असावं.